गोर्योंगची टेकाडं आणि हेइन्सा विहार: कोरियाच्या ग्रामीण भागात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

हेइन्साला पहिल्यांदा निघाले तेव्हा मी चुकीच्या गावात उतरले. पत्त्यात ‘हाप्चॉन जिल्हा’ लिहिलं होतं, म्हणून सरळ हाप्चॉनची बस धरली. तिथल्या तिकीट खिडकीवरच्या बाईंनी मला कागदावर डोंगर काढून दाखवला. डोंगराच्या अलीकडे माझं नाव, पलीकडे विहार. भामरागडला जायचंय म्हणून गडचिरोलीत उतरावं आणि ‘कुठाय हो?’ असं विचारावं, तसलाच प्रकार. तो अख्खा दिवस बसस्टँडवरच गेला.

मी मूळची नागपूरची. संशोधनाच्या कामासाठी अडीच वर्षं देगू शहरात राहिले. त्या काळात या भागात पाच वेळा गेले, त्यातल्या एका खेपेला आईला घेऊन. पहिल्या दोन फेऱ्यांत ज्या चुका केल्या त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते, सोलहून सकाळी निघून रात्री परत असा बेत करू नका. इथे दोन रात्री ठेवा. संध्याकाळी जुन्या राजांच्या थडग्यांची टेकाडं आणि पहाटेचा विहार हेच बघण्यासारखं असतं, आणि नेमक्या त्याच वेळा एका दिवसाच्या सहलीत हातातून निसटतात.

१. आधी भूगोल डोक्यात बसवा

ठिकाणं दोन, प्रांतही दोन. गोर्योंग उत्तर ग्योंगसांग प्रांतात, हेइन्सा दक्षिण ग्योंगसांग प्रांतातल्या हाप्चॉन जिल्ह्यात. मध्ये पंचवीस-तीस किलोमीटर. दोन्हीकडे जायचं दार मात्र एकच, देगू शहर.

गोर्योंग ही ‘देगाया’ नावाच्या जुन्या राज्याची राजधानी. कोरियाच्या दक्षिणेला गाया नावाची बरीच छोटी राज्यं होती, त्यांतलं हे एक बलाढ्य राज्य. लोखंडाच्या जोरावर ते वाढलं आणि इसवी सन ५६२ मध्ये शिल्ला राज्याने ते गिळलं. गावामागच्या जीसानदोंगच्या डोंगरधारेवर त्यांच्या राजांची आणि सरदारांची मातीची टेकाडं आहेत, सातशेहून अधिक. २०२३ मध्ये गायाच्या सात दफनस्थळांना मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशात जागा मिळाली, त्यांतलं हे एक.

हेइन्सा त्यानंतरचा, ८०२ सालचा. तो गायासान डोंगरात आहे, आणि ऐंशी हजारांवर लाकडी ठोकळ्यांवर कोरलेलं अख्खं त्रिपिटक तिथे ठेवलेलं आहे.

आता सापळा. नकाशात नुसतं ‘गाया’ टाकलंत तर फसाल. हेइन्सा ज्या गावाच्या हद्दीत येतो ते गाया-म्यन, पण हामान जिल्ह्यात गाया-उप नावाचं वेगळं गाव आहे, आणि बुसान शहरातही एक गाया आहे. गोर्योंगच्या मुख्य गावाचं नाव २०१५ मध्ये बदलून देगाया-उप केलंय, त्यामुळे जुन्या माहितीत एक नाव दिसतं आणि पत्त्यात दुसरं. गाव एकच आहे, घाबरू नका. ‘गुन’ म्हणजे जिल्हा, ‘उप’ म्हणजे त्यातलं मोठं गाव, ‘म्यन’ म्हणजे आसपासच्या खेड्यांचा गट. एवढं कळलं की पत्ते वाचता येतात.

दुसरा घोळ आपल्याकडच्या लोकांचा. ‘अयोध्येची राजकन्या कोरियात राणी झाली’ ही गोष्ट ऐकून काहीजण गोर्योंगला तिची समाधी शोधतात. आयुता देशाहून आलेल्या हो ह्वांग-ओकची ती कथा ‘सामगुक युसा’ या तेराव्या शतकातल्या ग्रंथात आहे. पण तिचा नवरा सुरो हा गिमहेच्या गायाचा राजा, आणि गिमहे बुसानजवळ आहे. त्या दोघांच्या समाध्या बघायच्या असतील तर तो प्रवास वेगळा.

२. महिना कोणता धरावा

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर ते नोव्हेंबरचा पूर्वार्ध. जूनअखेरपासून जुलैभर पावसाची झड असते. ऑगस्टमध्ये देगूचा उकाडा कोरियाभर बदनाम आहे. नागपूरकराला तो उन्हाळा वाटणार नाही, पण दमटपणा अंगावर येतो आणि टेकाडांवर सावली जवळपास नाहीच. थंडीत विहाराची वाट गोठते.

सोल्लाल म्हणजे चांद्र नववर्ष आणि छुसॉक म्हणजे त्यांचा शरदातला सण, या दोन सुट्ट्या टाळाच. आपल्याकडे गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं जे होतं तेच तेव्हा तिथल्या सगळ्या बस-गाड्यांचं होतं.

आणि सोमवारी गोर्योंगला जाऊ नका. संग्रहालय बंद असतं.

३. कागदपत्रं

भारतीय पासपोर्टवर कोरियाला व्हिसा लागतो. इंटरनेटवर ‘के-ईटीए’ नावाच्या ऑनलाइन परवानगीबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडेल. ती व्हिसामाफी असलेल्या देशांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. तिच्यावर पैसे घालवू नका. ‘जेजू बेटावर भारतीयांना व्हिसा लागत नाही’ हे खरं आहे, पण त्या सवलतीवर जेजूहून मुख्य भूमीवर येता येत नाही. म्हणजे या प्रवासासाठी तिचा उपयोग शून्य.

पर्यटक व्हिसासाठी साधारण हे लागतं:

- किमान सहा महिने वैध पासपोर्ट, जुने असतील तर तेही
- भरलेला अर्ज आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो
- नोकरीचं पत्र आणि रजेचं पत्र, धंदा असेल तर नोंदणीची कागदपत्रं
- प्राप्तिकर विवरणपत्रं आणि मागच्या सहा महिन्यांचं बँकेचं खातेपत्रक, बँकेचा शिक्का मारलेलं
- दिवसवार प्रवासाचा आराखडा, मुक्कामाच्या नोंदणीसह
- का जाताय हे सांगणारं तुमच्या सहीचं पत्र

नेमकी यादी अर्ज करायच्या आठवड्यात वकिलातीच्या संकेतस्थळावर तपासा, ती बदलते. महाराष्ट्रातल्या लोकांचे अर्ज मुंबईच्या कोरियन वकिलातीच्या अखत्यारीत येतात. आराखड्यात ‘गोर्योंग, हाप्चॉन’ ही नावं बघून अधिकारी बुचकळ्यात पडेल या भीतीने आईच्या अर्जात मी आधी सोल-बुसान असं खोटंच लिहिलं होतं. मग लाज वाटली आणि खरं लिहिलं. काही बिघडलं नाही.

विमानात बसण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरता येतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी पानं सरकारी नसतात.

४. फोनमध्ये आणि खिशात काय हवं

गूगल मॅपच्या भरवशावर कोरियाच्या खेड्यात उतरू नका. पायी जायचा रस्ता तो तिथे नीट दाखवत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घ्या. भाषांतराला पापागो. फोटो काढला की पाटीवरचा मजकूर इंग्रजीत करून देतं, बसच्या वेळापत्रकापुढे उभं असताना याच्याइतकं उपयोगाचं काही नाही.

तरीही जायच्या आधी हांगुल लिपी शिकाच. एका शनिवार-रविवारचं काम आहे. व्यंजनाला स्वर जोडून अक्षर बनवायची सवय आपल्याला जन्मापासून असते, त्यामुळे बाराखडीसारखी ती पटकन बसते. खेड्यातल्या बसच्या काचेवर गावाचं नाव कोरियनमध्येच असतं आणि ते वाचायला तुमच्याकडे चार सेकंद असतात.

पैसे: विमानतळावर किंवा कुठल्याही कन्व्हीनियन्स दुकानात टी-मनी कार्ड घ्या. ते मेट्रोला आणि शहरातल्या बसला चालतं. मात्र त्यात पैसे भरायला रोख लागते. भारतीय कार्ड मोठ्या शहरात चालतं, पण गावातल्या तिकीटयंत्राने माझं कार्ड दोनदा नाकारलं. माणशी लाखभर वॉन रोख जवळ असू द्या.

एक नंबर लिहून ठेवा, १३३०. ही पर्यटकांची मदतवाहिनी, चोवीस तास, इंग्रजीत. अडलात तर फोन लावून समोरच्या माणसाच्या हातात द्या. पोलीस ११२, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११९.

५. सोलहून गोर्योंगला

सोल स्टेशनहून केटीएक्स या वेगवान गाडीने दोंगदेगू. पावणेदोन ते दोन तास. देगूत ‘देगू’ आणि ‘दोंगदेगू’ अशी दोन स्टेशनं आहेत, उतरायचं दोंगदेगूला.

तिथून खाली मेट्रोची पहिली लाइन पकडून सोबू जोंगन्यूजांग, म्हणजे पश्चिम बसस्थानक. गाडी बदलावी लागत नाही. दोंगदेगूला लागूनच चकचकीत मोठं बसस्थानक आहे, तिथे शिरायचा मोह होतो. आपली बस तिथली नाही.

सोबूच्या खिडकीवर ‘गोर्योंग’ म्हणा. पाऊण तासाच्या आसपास प्रवास. हेइन्साची बसही याच स्थानकातून सुटते आणि गोर्योंगवरूनच जाते, म्हणून आधी टेकाडं आणि मग विहार हा क्रम सरळ पडतो.

६. टेकाडांवर

गोर्योंगच्या बसस्थानकातून बाहेर पडलात की मान वर करा. गावामागच्या धारेवर गोल उंचवटे ओळीने दिसतात. आई म्हणाली, ‘डोंगराच्या पाठीवर गाठी आल्यात.’ मला त्याहून बरं वर्णन अजून सुचलेलं नाही.

आधी वर चढू नका. पायथ्याशी देगाया संग्रहालय आहे, तिथे दीड तास घालवा. शेजारच्या गोल घुमटाच्या राजसमाधी दालनात ४४ क्रमांकाच्या टेकाडाचं पोट मूळ आकारात बांधून ठेवलंय. हे टेकाड १९७७ मध्ये खणलं. मधोमध मुख्य दगडी कक्ष, जवळ आणखी दोन मोठे कक्ष आणि भोवती बत्तीस लहान दगडी पेट्या. त्या पेट्यांमध्ये राजाबरोबर पुरलेली माणसं होती. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. दासी, रक्षक, कामकरी असावेत असं मानतात. पुतळे करून ठेवलेत, प्रत्येक पेटीत एक, काहींत दोन. आईने तिथे कठड्याला धरून सगळ्या पेट्या मोजल्या. नंतर जेवतानाही ती त्याबद्दलच बोलत होती, की राजाचं नाव कुणाला माहीत नाही आणि या बत्तीसांचंही नाही.

याच टेकाडात ओकिनावाकडच्या समुद्रातल्या शंखापासून बनवलेला डाव सापडला होता. डोंगरातलं राज्य, पण व्यापार कुठवर पोचला होता बघा. संग्रहालयातली लोखंडी चिलखतं आणि ३२ क्रमांकाच्या टेकाडातल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या मुकुटाची माहिती सोडू नका. गाया राज्यांनी स्वतःचा लिखित इतिहास मागे ठेवला नाही. त्यांच्याबद्दल जे कळतं ते बरंचसं असं मातीतून.

अजून एक गोष्ट तिथे शोधा. गावाजवळ गोआ-री इथे एक चित्रित थडगं आहे. मूळ थडग्यात जाता येत नाही, पण छतावरच्या कमळांची चित्रं नक्कल करून ठेवलीत. राज्य बुडायच्या आधीच्या काळात राजाच्या डोक्यावर कमळ रंगवलंय, म्हणजे बुद्धाचा धम्म तोवर या दरीत पोचला होता. दुसऱ्या दिवशी हेइन्साला जाताना हे कमळ आठवतं.

मग वर. संग्रहालयाच्या बाजूनेच वाट आहे. पायऱ्या, मग गवतातली पायवाट. रमतगमत दीड-दोन तास. खाली लहान टेकाडं, आणि जसजसं वर जाल तसतशी ती मोठी होत जातात. मोठ्यांच्या शेजारी उभं राहिलं की आपण घराच्या छपराखाली उभे आहोत असं वाटतं. जुनापाणीची शिळावर्तुळं पाहिलेल्या विदर्भातल्या माणसाला एक फरक लगेच जाणवेल. आपल्याकडे ती सपाट रानात पसरलेली आहेत, इथे मेलेल्यांना डोंगराच्या माथ्यावर नेऊन ठेवलंय, गावातून रोज दिसतील असं.

काही सूचना:

- टेकाडावर चढू नका. गवत आखीवरेखीव कापलेलं असतं, टेकडीवर बागडावं असं वाटतं, पण ती थडगी आहेत. वाट सोडायची नाही.
- वर पाणी मिळत नाही, शौचालयही नाही. दोन्ही खालीच उरकून घ्या.
- मे ते ऑक्टोबर लांब पँट आणि मोजे घाला. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून गंभीर आजार होतो. खोलीवर आल्यावर पाय तपासा.
- सूर्यास्ताआधी दीड तास चढायला लागा. सावल्या लांब झाल्या की प्रत्येक टेकाडाचा आकार वेगळा उठून दिसतो. भर दुपारी सगळं हिरवं सपाट दिसतं.

वेळ असेल तर गावातलं उरुक संग्रहालय बघा. गायागम हे बारा तारांचं वाद्य देगायाच्या गासिल राजाच्या काळात उरुक या वादकाने घडवलं असं मानतात. राज्य गेलं पण वाद्य राहिलं, आणि कोरियात आजही ते शिकवतात. लहान मुलं सोबत असतील तर इथे रमतील.

७. रात्रीचा मुक्काम आणि शाकाहाऱ्यांची पंचाईत

गोर्योंगमध्ये साधी मोटेलं आहेत. कोरियात ‘मोटेल’ या शब्दाला थोडा चावट वास आहे, पण गावात तीच स्वच्छ आणि स्वस्त मुक्कामाची जागा. ‘ओन्दोल’ खोली घेतली तर गादी जमिनीवर असते आणि जमीन खालून तापवलेली. गुडघे दुखणाऱ्यांनी पलंगाची खोली आधीच मागावी.

शाकाहारी असाल तर खरी कसोटी गावात आहे, विहारात नाही. वरून भाजीचं दिसणारं सूप सुक्या मासळीच्या पाण्यात उकळलेलं असतं, आणि किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या भाजीच्या लोणच्यात, बहुधा मासळीचा रस असतो. ‘मांस नको’ म्हटलं तर मासे येतात, कारण मासे म्हणजे मांस नव्हे अशी समजूत आहे. म्हणून तिन्ही सांगा: ‘गोगी, सेंगसॉन, हेमुल ब्बेजुसेयो’, म्हणजे मांस, मासे, समुद्रातलं काही घालू नका. सगळ्यात सुरक्षित म्हणजे सान्चे बिबिम्बाप, भातावर रानभाज्या आणि तिखट लाल चटणी. चटणीत कधी खिमा मिसळलेला असतो, विचारून घ्या. कडक व्रत असेल तर ठेपले, दाण्याची चटणी, पोह्याचा चिवडा सामानात असू द्या. आईच्या पिशवीतल्या चिवड्याने दोनदा लाज राखली.

८. गोर्योंगहून हेइन्सा

सकाळी बसस्थानकात येऊन हेइन्साचं तिकीट काढा. ही बस देगूहून येते आणि पुढे जाते, म्हणजे वेळ अंदाजाची. दहा मिनिटं आधी बाहेर येऊन उभं राहा. आत वातानुकूलित खोलीत बसलात तर बस येऊन जाते आणि कुणी हाक मारत नाही.

रस्ता शेवटी होंगन्यूदोंगच्या दरीत शिरतो. नावाचा अर्थच लाल प्रवाहाची दरी. शरद ऋतूत दोन्ही काठांवरच्या पानांनी पाणी लाल दिसतं म्हणून. शिल्लाच्या अखेरच्या काळातला विद्वान छे छी-वॉन राजकारणाला कंटाळून याच डोंगरात येऊन राहिला, आणि एके दिवशी टोपी आणि पादत्राणं मागे ठेवून नाहीसा झाला अशी आख्यायिका आहे. चालायची आवड असेल तर ओढ्याकाठची सोरीगिल, म्हणजे ‘आवाजाची वाट’, पायी करा. सहा-सात किलोमीटर, हळूहळू चढ. पाठीवर मोठी बॅग असेल तर त्या फंदात पडू नका.

बसमधून संग्रहालयाच्या थांब्यावर उतरून वीसेक मिनिटं चढण चालली की विहार. मे २०२३ पासून प्रवेशशुल्क नाही. त्याआधीचं काही वाचून आलात तर तिकीटघर शोधत बसाल.

९. विहारात वावरताना

हेइन्सा म्हणजे सागरमुद्रेचा विहार. अवतंसक सूत्र या महायान ग्रंथात सागरमुद्रा समाधी सांगितली आहे. वारा थांबलेल्या समुद्रात जसं सगळं जसंच्या तसं उमटतं, तसं मन. ‘हे’ म्हणजे समुद्र, ‘इन’ म्हणजे मुद्रा, ‘सा’ म्हणजे विहार. डोंगराचं नाव गायासान, आणि ते आपल्या गयेवरून आलं असंही मानतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या बौद्ध बांधवांना एक फरक आधीच सांगते. इथली परंपरा महायान आणि ध्यानमार्गाची. मुख्य सभागृहात शाक्यमुनी, म्हणजे गौतम बुद्ध, नाहीत, वैरोचन बुद्ध आहेत. दारात हातात शस्त्रं घेतलेले चार उग्र राजे दिसतील, ते चतुर्महाराज, चार दिशांचे रक्षक. मागच्या बाजूला डोंगरदेवतेचं लहान देऊळही कोरियन विहारांत बहुधा असतं. आईला सुरुवातीला हे खटकलं. ‘बुद्धाच्या दारात हे कशाला?’ मग ती मूर्तीसमोर बसली आणि हळू आवाजात त्रिसरण म्हणू लागली. शेजारी बसलेल्या कोरियन आजींनी ओठांकडे बघून हात जोडले आणि तिचं संपेपर्यंत तसेच ठेवले.

शिष्टाचार सोपे आहेत:

- भिक्खू किंवा भिक्खुणी समोर आल्या तर हात जोडून थोडं वाकायचं. याला ‘हाप्चांग’ म्हणतात, आपला नमस्कारच.
- सभागृहात मधल्या दाराने जायचं नाही, ते भिक्खूंसाठी. बाजूच्या दाराने आत, चपला बाहेर.
- खांदे आणि गुडघे झाकलेले.
- आत फोटो नाही. कुणी साष्टांग नमस्कार करत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नका.

अंगणात जमिनीवर चक्रव्यूहासारखी आखलेली वाट दिसेल. ती शिल्लाच्या उईसांग भिक्खूच्या २१० अक्षरांच्या गाथेची आकृती. हात जोडून त्या वळणांतून चालायचं असतं. मुलं पळत सुटतात, कुणी रागावत नाही.

१०. ठोकळ्यांचं त्रिपिटक

सगळ्यात वरच्या पायरीवर, मुख्य सभागृहाच्याही मागे, दोन लांब साध्या इमारती आहेत. रंग नाही, नक्षी नाही. बरेच लोक ‘एवढंच?’ म्हणून वळतात. थांबा.

मंगोलांच्या स्वाऱ्या चालू असताना, १२३६ पासून पुढची सुमारे बारा-पंधरा वर्षं हे ठोकळे कोरले गेले. एक त्रिपिटक आधीच्या मंगोल स्वारीत जळलं होतं, म्हणून पुन्हा. संख्या ८१,२५८ सांगतात, दोन्ही बाजूंनी कोरलेले, आणि अक्षरं पाच कोटींच्या वर. १३९८ मध्ये ते इथे आले. आजच्या इमारती पंधराव्या शतकातल्या, आणि १९९५ मध्ये युनेस्कोने या इमारतींनाच जागतिक वारसा म्हटलं.

जाळीच्या खिडक्या नीट बघा. पुढच्या भिंतीत खालच्या खिडक्या मोठ्या आणि वरच्या लहान, मागच्या भिंतीत उलट. वारा एका बाजूने शिरून आत फिरून बाहेर पडावा म्हणून. जमिनीत कोळसा, मीठ, चुना आणि वाळू घातलीय, ओल शोषायला. पंखा नाही, यंत्र नाही, आणि पाचशेहून अधिक वर्षं लाकूड टिकलंय. १९५१ मध्ये कोरियन युद्धात इथल्या डोंगरात लपलेल्या सैनिकांवर बॉम्ब टाकायचा हुकूम आला होता. किम यंग-ह्वान या वैमानिक अधिकाऱ्याने तो पाळला नाही.

पुढच्या इमारतीचं नाव ‘सुदाराजांग’. ‘सुदारा’ म्हणजे आपलं ‘सूत्र’. मागची ‘बॉप्बोजॉन’, धर्मरत्नाची. कोरियात तीन रत्नांचे तीन विहार मानतात. बुद्धाचा तोंगदोसा, संघाचा सोंग्ग्वांगसा आणि धम्माचा हा.

फोटोला सक्त मनाई आहे. जाळीतून रांगा दिसतात, तेवढ्याने समाधान माना.

११. विहारात एक रात्र: टेम्पलस्टे

हे टाळू नका. टेम्पलस्टेच्या अधिकृत संकेतस्थळावर इंग्रजीत नोंदणी होते. दोन प्रकार असतात. एक विश्रांतीचा, म्हणजे राहा आणि प्रार्थनेला या. दुसरा अनुभवाचा, त्यात १०८ नमस्कार, ध्यान, चहा असा कार्यक्रम. परदेशी लोकांसाठीचे दिवस ठराविक असतात, म्हणून आधी इथली तारीख मिळवा आणि मग विमानाचं तिकीट काढा. मी उलट केलं होतं. साधारण पन्नास हजार ते लाखभर वॉन एका रात्रीचे, जेवणासकट.

सोबत काय: मोजे (पांढरे किंवा फिकट, अनवाणी सभागृहात जात नाहीत), टॉवेल, दात घासायचं सामान, गरम जॅकेट. ढगळ पँट आणि बंडी विहार देतो. दारू, सिगारेट, मांसाचे पदार्थ आत न्यायचे नाहीत. त्यात चिकनच्या वासाचे चिप्सही आले.

जेवण पूर्ण शाकाहारी. कांदा-लसूणही नाही. कोरियन भिक्खू पाच उग्र भाज्या वर्ज्य मानतात. लसूण, पातीचा कांदा, दोन प्रकारची रानपात, आणि पाचवा ‘हुंगॉ’. हा हुंगॉ म्हणजे संस्कृतातला हिंगु, म्हणजे आपला हिंग! कोरियात तो कधी उगवलाच नाही, पण बंदी ग्रंथाबरोबर आली. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘मग वरणाला काय घालतात बिचारे?’

ताटात हवं तेवढंच घ्या. उरवायचं नाही, हा नियम भारतीय आजी-आज्यांना शिकवावा लागत नाही. चार वाडग्यांचं पारंपरिक जेवण असेल तर शेवटी मुळ्याच्या लोणच्याच्या फोडीने वाडगा पुसून ते पाणी प्यायचं असतं. एकदा डोळे मिटून करून टाका.

संध्याकाळी वंदनेआधी चार वाद्यं वाजतात, त्या वेळी घंटेच्या मंडपासमोर उभे राहा. ढोल प्राण्यांसाठी, पोकळ लाकडी मासा पाण्यातल्या जिवांसाठी, ढगाच्या आकाराचं धातूचं पान पाखरांसाठी आणि शेवटी घंटा नरकात यातना भोगणाऱ्यांसाठी. ढोल वाजवणारे तरुण भिक्खू एकमेकांच्या हातातून काठ्या घेतात तेव्हा ताल तुटत नाही.

दिवे लवकर मालवतात आणि उठवतात भल्या पहाटे, अंधारात. लाकडी टोला वाजवत एक भिक्खू अंगणातून फिरतो. नमस्कार आपल्यापेक्षा थोडा वेगळा. गुडघे, हात, कोपर, कपाळ टेकवायचं आणि मग तळवे वर करून कानाच्या पातळीला उचलायचे. चुकलात तरी कुणी बघत नाही.

त्या वंदनेत शेवटाला एक मंत्र येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी अर्धवट झोपेत होते. ‘आजे आजे, बाराआजे, बारासुंगआजे, मोजी साबाहा.’ तीनदा म्हणतात. दुसऱ्या वेळी कान टवकारले आणि तिसऱ्या वेळी कळलं: गते गते पारगते पारसंगते बोधि स्वाहा. प्रज्ञापारमिता हृदयसूत्र. चिनी लिपीतून, कोरियन ओठांतून, इतकी शतकं फिरून आलेलं. तुम्ही जाल तेव्हा मूळ ओळ पाठ करून जा, म्हणजे माझ्यासारखे दोन वेळा फुकट घालवणार नाही.

१२. परत येताना

न्याहरीनंतर विहारातून बाहेर पडा आणि हेइन्साच्या वरच्या बसस्थानकावर जा. सुरुवातीचा थांबा तोच, जागा मिळते. रविवारी दुपारी खालच्या थांब्यावर उभं राहिलात तर देगूपर्यंत उभंच राहाल. शेवटच्या बसवर कधीच विसंबू नका, तिच्या आधीची तुमची बस समजा. आदल्या दिवशी पोचताच वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा, इंटरनेटवरचं जुनं असू शकतं.

डोंगरात अंधार लवकर पडतो. बस चुकलीच तर विहाराखालच्या गावात मुक्काम मिळतो, नाहीतर काकाओ टी ॲपवरून टॅक्सी. टॅक्सी तिथवर यायला वेळ घेते आणि गोर्योंगपर्यंतसुद्धा भाडं चांगलंच होतं.

हिवाळा संपता संपता किंवा वसंतात गेलात तर गोर्योंगला परत उतरा. हा जिल्हा स्ट्रॉबेरीचा. प्लास्टिकच्या बोगद्यांसारखी हरितगृहं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतात, आणि स्थानकाजवळ आज्या टोपल्या घेऊन बसतात. रोखच चालते. खोक्याचं झाकण नीट लागत नाही, म्हणून बसमध्ये ते मांडीवर धरा, वरच्या फळीवर ठेवू नका.